बैलाच्या खांद्याची जुनी जखम : आधी जू तपासा, मग औषध लावा



बैलांची निगा या विषयावर रेडिओवर बोललो, त्यानंतर जी पत्रं आली त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न होता. "बैलाचा खांदा फुटला आहे. दोन महिने झाले, मलम लावतो आहे, जखम भरत नाही. याहून जोरदार औषध सांगा." म्हणून या पत्रकात तेवढाच विषय घेतला आहे. मी शेतकीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. औषधाचं जे इथं लिहिलं आहे ते पशुवैद्यक अधिकाऱ्यांकडून समजून घेऊन, आणि गोठ्यात उभं राहून पाहून लिहिलं आहे. पण जू, गाडी आणि नांगर हा माझ्या खात्यातला विषय आहे, आणि या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

ताजी जखम निरोगी जनावरात आपोआप भरायच्या मार्गाला लागते. तशी सोयच शरीरात आहे. जी जखम तीन-चार आठवडे होऊनही आहे तिथंच आहे, तिच्या बाबतीत औषध कमी पडत नसतं, तर जखम करणारं कारण रोज नव्याने हजर असतं. ते कारण काढलं नाही तर कितीही भारी मलम आणा, सकाळी भरलेलं संध्याकाळी पुन्हा सोललं जातं.

मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावचं उदाहरण सांगतो. तिथले एक वयस्कर शेतकरी, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांच्या डाव्या बैलाचा खांदा संक्रांतीच्या सुमारास सोलला. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा जांभळं औषध लावायला सांगितलं आणि दुसऱ्या कामाला निघून गेलो. ही माझी चूक. चैत्रात पुन्हा गेलो तर जखम तळहाताएवढी, कडा कातड्यासारख्या टणक, मधे पिवळसर घाण आणि वास. मधल्या काळात आबांनी मलमाच्या पाच नळ्या संपवल्या होत्या, बिब्बा घातला होता आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून डागही दिला होता. म्हणजे एका जखमेच्या तीन झाल्या होत्या. मृगाला दीड-दोन महिने उरलेले. नवी जोडी घ्यायची तर लाखाच्या आसपास पैसे लागणार, आणि ट्रॅक्टरवाला दोन एकरांच्या तुकड्यासाठी वेळेवर येईलच असं नाही. आबा म्हणाले, "साहेब, आता विकून टाकावा म्हणतो. पण असल्या खांद्याचा बैल घेणार कोण?"

मी म्हटलं, "आबा, जू दाखवा."

"जू वडलांच्या टायमाचं हाय. त्याला काय धाड भरलीय? त्याला काय होतंय?"

जू उलटं करून पाहिलं. मागच्या वर्षी ते चिरलं होतं, म्हणून लोहाराकडून लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती. पट्टीच्या एका खिळ्याचं डोकं लाकडातून जरासं, तांदळाच्या दाण्याएवढं, वर आलेलं. बरोबर डाव्या बैलाच्या खांद्यावर बसेल असं. त्यावर आबांनी गोणपाट गुंडाळलं होतं, त्यामुळे ते दिसत नव्हतं. बैलाला मात्र रोज लागत होतं.

जखम भरते कशी?

हे थोडं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. जखम झाली की आधी सूज येते, पाणी सुटतं. मेलेलं मांस गळून जातं. मग तळातून लालभडक, दाणेदार, ओलसर मांस वर येऊ लागतं. बोट लागलं तरी त्यातून रक्त येतं, पण घाबरू नये, ती चांगली खूण आहे. तो खड्डा भरत कातडीच्या पातळीला आला की कडेकडून पातळ गुलाबी कातडी आत सरकू लागते. हा शेवटचा टप्पा फार नाजूक आणि फार हळू चालणारा. जुवाचा एक घासा लागला की आठ दिवसांची कातडी निघून जाते.

जखमेचा रंग बघायला शिकावं. लाल आणि दाणेदार असेल तर काम चालू आहे, फक्त राखण करा. करडी, पिवळी, वास मारणारी असेल तर आत घाण किंवा मेलेलं मांस आहे. कातडीच्या वर फुगून आलेलं मांस असेल तर तिथं सतत घासतं आहे. आणि वरून भरलेली दिसते, पण एका बारीक भोकातून दाबल्यावर पू येतो, तर आत पोकळी आहे. अशी जखम वरून बंद करण्याच्या खटपटीला लागू नये. पू आत कोंडतो आणि महिन्याभराने दुसरीकडून फुटतो.

जू कसं तपासावं?

जुवाची खालची बाजू उन्हात धरून बघा आणि तळहात सावकाश फिरवा. गाठ, चीर, धलपी, खिळा, दोरीची गाठ, काहीही हाताला लागता कामा नये. हाताला जे किंचित टोचतं ते बैलाला दिवसभर भारासकट टोचतं. खडबडीत असेल तर रंधा मारून, काचकागदाने घासून गुळगुळीत करावं. कडा गोल कराव्यात. जू जितक्या रुंद जागेवर टेकेल तितका दाब वाटला जातो. अरुंद, गोल दांड्यासारखं जू सगळा भार दोन बोटांच्या जागेवर आणतं.

कुठं लागतं हे कळत नसेल तर एक साधा उपाय आहे. चांगल्या कातडीच्या खांद्यावर ओल्या गेरूचा पातळ हात फिरवावा, बैल जुंपून शंभर पावलं चालवावा आणि जू उचलून खाली पाहावं. गेरू सगळीकडे सारखा लागला असेल तर जू बरोबर बसतं. एकाच ठिकाणी दाट ठसा उठला तर जखम तिथंच होणार. ही परीक्षा जखम नसलेल्या बैलावर करावी, जखमेवर गेरू लावू नये.

जोडी उंचीला सारखी नसली की जू तिरपं बसतं आणि त्याची कड एका जागी घासते. मोठ्या बैलाला लहान खोंडाबरोबर शिकवायला जुंपतात तेव्हा हे हमखास होतं. शिवळा सैल असेल तर जू मागंपुढं सरकतं. गळ्याखालची जुंपणी (कुठे जोतं म्हणतात, कुठे सापती) नायलॉनच्या दोरीची असेल तर ती गळा कापते. तिथं रुंद सुती किंवा चामड्याचा पट्टा वापरावा.

आता गाडी. भरलेली गाडी सपाट जागेवर उभी करून, बैल न जुंपता, दोन माणसांनी जू उचलून पाहावं. थोडासा भार पुढे असावा. जू उचलतच नसेल तर माल मागे सरकवा, नाहीतर ते सगळं ओझं वाटभर खांद्यावर राहणार. उलट जू आपोआप वर जात असेल तर गाडी उलाळते आणि जुंपणी गळ्याला आवळते. तेव्हा माल पुढे घ्या. उसाच्या गाड्या भरताना ही गोष्ट कोणी पाहत नाही. कारखान्याचा हंगाम संपवून चैत्रात गावी परतलेल्या बैलांचे खांदे बघितले की ते कळतं. भाव टनावर, म्हणून भर टाकली जाते. टोळीतल्या माणसांची ओढाताण मी पाहिली आहे, त्यांना नुसता उपदेश करून भागत नाही. पण माल पुढे-मागे सरकवायला पैसे पडत नाहीत, तेवढं तरी व्हावं.

गोणपाटाच्या गादीबद्दल सांगितलंच पाहिजे. ती घाम धरते, ओली राहते, खाली कातडी भिजून मऊ पडते आणि लवकर सोलते. गादी हवीच असेल तर स्वच्छ मऊ सुती कापडाची, रोज धुऊन उन्हात वाळवलेली, एकसारख्या जाडीची असावी. जखमेभोवती चुंबळीसारखं कडं करून वर जू ठेवण्याची पद्धतही चांगली नाही. जखमेवर जू टेकत नाही हे खरं, पण कड्याखालचा दाब जखमेकडे येणारं रक्त अडवतो. फुटलेल्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, याला दुसरा उपाय नाही. कायद्यानेही, म्हणजे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातील कलम ११ प्रमाणे, जखमी जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा आहे.

जखम धुण्याची रीत

पाणी उकळून कोमट करावं. एक लिटर पाण्यात दीड ते दोन सपाट चहाचे चमचे साधं मीठ टाकावं. जखमेभोवतीचे केस कात्रीने दोन बोटं रुंद कापून घ्यावेत. सुई काढलेल्या मोठ्या पिचकारीने हे पाणी जखमेत सोडावं, स्वच्छ पाणी परत येईपर्यंत. चोळून पुसू नये. सुटी झालेली घाण तेवढी उकळलेल्या कापडाने टिपून घ्यावी. मग पोव्हिडोन आयोडीनचं औषध चहाच्या रंगाइतकं पातळ करून वरून सोडावं, आणि कोरडं झाल्यावर त्याचंच मलम पातळ लावावं. घाण असेपर्यंत दिवसातून एकदा धुवावं. जखम लाल दाणेदार झाली की एक दिवसाआड पुरे. चांगल्या जखमेला रोज खरवडून धुणं म्हणजे उगवलेलं रोप रोज उपटून मुळं बघण्यासारखं आहे.

फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साईड खोल घाणीसाठी एखाद्या वेळी ठीक, पण ते नवीन मांसालाही जाळतं, म्हणून रोज वापरू नये. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल जखमेत न घालता भोवताली केसांवर लावावं. माशा लांब राहतात. हळद तेलात कालवून कडेला लावायला हरकत नाही. मात्र जाड थापून तिची खपली होऊ देऊ नये, खाली पू साठतो.

आणि हात धुवावेत, साबणाने, आधी आणि नंतरही. स्वतःच्या हाताला चीर असेल तर रबरी मोजे घालावेत.

काय लावू नये

चुना, राख, शेण, जळकं इंजिन ऑईल, बॅटरीचं पाणी, बिब्बा आणि डाग. हे सगळं मी प्रत्यक्ष लावलेलं पाहिलं आहे, म्हणून यादी देतो. यातलं प्रत्येक जखम आणखी मोठी करतं.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे पिकावरचं कीटकनाशक. पूर्वी अळ्या मारायला बीएचसी पावडर सर्रास भरत. तिच्यावर देशात १९९७ साली बंदी आली. पण सवय गेली नाही. आता उसात टाकायची दाणेदार औषधं किंवा फवारणीचं औषध जखमेत टाकतात. उघड्या जखमेतून ते सरळ रक्तात जातं. तोंडातून लाळ गळू लागते, अंग थरथरतं, श्वास लागतो, आणि अळ्यांबरोबर बैलही जातो. कोणी हे केलंच असेल तर जखम ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावी आणि औषधाचा डबा हातात घेऊन डॉक्टर गाठावा. डब्यावरच्या नावावरून उतारा ठरतो.

दुखणं कमी व्हावं म्हणून माणसांच्या मेडिकल दुकानातून इंजेक्शन आणून टोचू नये. डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यास २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं त्यानेच संपत आली. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही जनावरांसाठी बंदी आली. गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम मिळतं. त्याची मात्रा डॉक्टरच ठरवतील.

अळ्या पडल्या तर

पावसाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झालं की अळ्या पडतात. बैल मान झटकतो, जखमेतून रक्ताळ पाणी आणि वेगळाच उग्र वास येतो. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा जखमेच्या तोंडाशी काही मिनिटं धरावा. अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकेक काढाव्यात. काढलेल्या अळ्या गोठ्यात टाकू नयेत, जाळाव्यात. मग मिठाच्या पाण्याने धुवावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावं, कारण खोल गेलेल्या राहतात. अळ्या संपल्यावर टर्पेंटाईन बंद करावं, ते औषध नव्हे. फार खोल असतील तर डॉक्टर इंजेक्शन देतात.

डॉक्टरांना केव्हा बोलवावं?

आबांच्या बैलाकडे परत येतो. खिळा काढला, जू तासून घेतलं, बैल सोडून ठेवला, मिठाच्या पाण्याने धुणं सुरू केलं. पंधरा दिवसांत जखम अर्धी लाल झाली, वास गेला. पण वरच्या टोकाला एक भोक काही बंद होईना. मी समजत होतो की आता फक्त वेळ द्यायचा. सुदैवाने तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी आत सळई घालून पाहिली, ती चार बोटं खोल गेली. भूल देऊन खालच्या अंगाला छेद घेतला, तेव्हा आतून पेन्सिलच्या टोकाएवढी लाकडाची धलपी निघाली. ती चार महिने आत होती. छेद खालच्या बाजूला का, तर पाणी उताराने वाहतं तसा पूही आपोआप निचरून जावा म्हणून. शेतातल्या चराचाच न्याय.

तेव्हा भोकातून पू येत असेल, कडा टणक झाल्या असतील, खांद्यावर घट्ट गोळा (आवाळू) झाला असेल, बैल खात नसेल किंवा अंगात ताप असेल, तर वाट पाहू नये. टणक गोळा कोणत्याही लेपाने विरघळत नाही, शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. हे काम पाऊस आणि माशा नसताना, कामाचा हंगाम संपल्यावर करून घेतलेलं बरं.

काही जखमांचं कारण जुवात नसतं. वशिंडावर खाजरा, खपल्यांचा व्रण, जो पावसाळ्यात चिघळतो आणि हिवाळ्यात जरा वाळतो, तो कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे असू शकतो. माशी ते पसरवते. हे दुखणं पूर्व भारतात जास्त आहे. २०२२ च्या साथीत लम्पी झालेल्या जनावरांच्या गाठी गळून खोल खड्डे पडले होते. लम्पीच्या तशा जखमा भरायला महिने लागतात. त्या पुऱ्या भरण्याआधी खांद्यावर जू ठेवल्यास तिथंच कायमचं दुखणं बसतं. आणि शिंगाच्या बुडाशी मऊपणा, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त, मान एकीकडे कललेली असं दिसलं तर शिंगाच्या कॅन्सरचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी दाखवावं.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. गावाचं नाव, जनावर आणि जखम किती दिवसांची, एवढं नीट सांगावं.

खुराक आणि विश्रांती

नुसत्या कडब्यावर असलेल्या बैलाची जखम भरत नाही. नवीन मांस तयार व्हायला प्रथिनं लागतात. रोज किलो-दीड किलो सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड, हिरवा चारा मिळेल तेवढा, आणि पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. गोचीड काढावेत, जंताचं औषध पाजावं. गोठा कोरडा ठेवावा. चैत्र-वैशाखात हिरवा चारा नसतो हे मला माहीत आहे. विहिरीकडेला चार वाफे लसूणघास किंवा शेवरीची झाडं असतील तर त्यातला पहिला हक्क आजारी बैलाचा.

विश्रांतीचा प्रश्न सगळ्यात अवघड. आबांनी वारंगुळा केला. भावकीतल्या एकाचा बैल पेरणीपुरता घेतला, बदल्यात त्याच्या रानात स्वतः आणि मुलाने खुरपणीचे दिवस भरून दिले. पूर्वी इर्जिक होत असे तेव्हा हे सांगावंही लागत नव्हतं. वरवरची सोललेली जखम दोन-तीन आठवडे घेते. खोल गेलेली जुनी जखम सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त.

पुन्हा जुंपताना

कातडी आली म्हणजे खांदा तयार झाला असं नव्हे. नवी कातडी गुलाबी आणि चकचकीत असते, ती घट्ट होऊन तिच्यावर केस दिसू लागले पाहिजेत. पहिले दोन-तीन दिवस मोकळं जू ठेवून अर्धा तास फिरवावा. मग रिकामी गाडी. मग हलकी कुळवणी, सकाळच्या वेळी तासभर. नांगर सगळ्यात शेवटी. १९६५ च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त कामाला लावायचं नाही. खांदा नुकता बरा झालेल्या बैलाला त्याच्या निम्मंही नको.

काम सोडल्यावर रोज जू उतरवताच दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवावा. एक खांदा दुसऱ्यापेक्षा गरम लागला, दाबल्यावर बैलाने अंग चोरलं किंवा एका जागचे केस तुटलेले दिसले, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी आणि जू तपासावं. त्या वेळी थंड पाण्याच्या पट्ट्या पुरतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळण करतो, कुठे बेंदराला करतो. हळद आणि लोणी लावताना बोटांना जे कळतं तेच हे, फक्त वर्षातून एकदा न करता रोज करायचं.

आबांचा बैल त्या वर्षी पेरणीला नव्हता. श्रावणात रिकाम्या गाडीला लागला आणि रब्बीची ज्वारी त्यानेच पेरली. खांद्यावर रुपयाएवढी बिनकेसांची जागा राहिली आहे, तिथं आबा अजून रोज हात लावून बघतात. जुनं जू मात्र त्यांनी टाकलं नाही. तासून, पट्टी आत बसवून तेच वापरतात.

आपल्या बैलाच्या जखमेबद्दल लिहायचं असेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र पाठवावं. पत्रात जखम कुठं आहे, किती दिवसांची आहे, रंग कसा आहे आणि आतापर्यंत काय काय लावलं, हे लिहावं. आणि जू उलटं करून पाहिलं का, तेही लिहावं.